पान एकशे बारावरची बाई

आदिलाबादहून सुटणारी बस करंजसावळीत जात नाही. नाल्याच्या अलीकडे थांबते. कंडक्टर म्हणतो, "पुढं दुसऱ्याचं राज्य." महाराष्ट्रातून येणारी लाल बस नाल्याच्या पलीकडे थांबते. तिचा कंडक्टरही तेच म्हणतो. गाव मधे आहे.

*

रेशनच्या मशीनमध्ये एक बाई बोलते. तेलुगूत. अंगठा जुळला तरी आणि नाही जुळला तरी तिचा सूर तोच असतो.

*

रामाजी जाऊन नऊ वर्षं झाली. तो म्हणायचा, "एका मान्साले दोन बाप नसतेत."

*

जास्वंदीला कागद मानवतो. वहीचं पान रात्रभर भिजवायचं, सकाळी गोळा करून मुळाशी पुरायचं.

*

"या पुस्तकातली माणसं, प्रसंग आणि बोलणं खरं आहे. नावं तेवढी बदलली आहेत."

*

नोटरी पेरू खात होता. शिक्का मारण्याआधी त्यानं हात पुसले, मग शिक्का पुसला.

*

हे सगळे एकाच बाईच्या कामाचे तुकडे आहेत. बाईचं नाव प्रीती. वय सेहेचाळीस. ती सीमेवरच्या माणसांबद्दल लिहिते. लिहायची.

तिचे वडील दौलत हे तामसी गावच्या मराठी शाळेत हेडमास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी आदिलाबादेत दोन खोल्यांचं घर बांधलं, पुढं जास्वंद लावली. प्रीतीनं तेविसाव्या वर्षी नागपूरच्या एका पेपरला पहिली बातमी पाठवली, ती भैंशाच्या जिनिंगमधल्या आगीची. मग बारा वर्षं त्याच पेपरची आदिलाबादची वार्ताहर. एका सुट्टीत ती कूचबिहारला गेली. तिथं भारताच्या पोटात बांगलादेशाचे आणि बांगलादेशाच्या पोटात भारताचे तुकडे होते. ते मिटायच्या आत जाऊन यावं, एवढाच विचार होता. आठ दिवसांसाठी गेलेली बाई चार महिन्यांनी परत आली. त्याचं पहिलं पुस्तक झालं. दुसरं नेपाळच्या सीमेवरचं. दोन्ही पुस्तकांच्या वेळी दौलतमास्तरांनी एकच प्रश्न विचारला.

"इतक्या दूर काऊन जातेस? आपल्या बाजूला सीमा नाही का?"

तिसरं पुस्तक आपल्या बाजूचं.

*

तिच्या कामाचे नियम, जसे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिले होते:

पहिल्या भेटीत वही काढायची नाही.

ज्याच्या घरी चहा घेतला त्याच्या घरी परत गेल्याशिवाय लिहायचं नाही.

खरं नाव कुठल्याही कचेरीला द्यायचं नाही. मागितलं तरी. दरडावलं तरी.

बदललेलं नाव त्या माणसाच्या जातीचं, वयाचं, त्या मुलखातलंच वाटेल असं हवं. सत्तरीच्या शेतकरी बाईला 'स्नेहा' म्हटलं की वाचक पुढचं सगळं खोटं धरतो.

खऱ्या आणि बदललेल्या नावांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर. पुस्तक छापून आलं की ते पान फाडायचं.

तिन्ही पुस्तकांची पानं जास्वंदीखाली आहेत. घोळ चौथ्या नियमानं केला. नव्वद घरांच्या गावात सत्तरीच्या शेतकरी बायका मोजून पंधरा-वीस. त्यांच्यात शोभेल असं नाव निवडायचं म्हटलं की ते त्यांच्यातल्याच कुणाचं तरी असणार. हे प्रीतीला तेवीस वर्षांत सुचलं नव्हतं. कूचबिहारला तसं झालंही असेल. तिथून कुणी बस पकडून तिच्या घरी आलं नाही.

*

करंजसावळीचं असं आहे. जुन्या नकाशात गाव नाल्याच्या एका बाजूला, नंतरच्या नकाशात दुसऱ्या. मधल्या काळात एका पुरानं नालाच बाजूला सरकवला. दोन्ही राज्यं म्हणतात, गाव आमचं. म्हणून दोन सरपंच, दोन रेशन दुकानं, दोन शाळा. घराघरात दोन कार्डं. लोक लपवत नाहीत आणि सांगतही नाहीत.

पुस्तकात प्रीतीनं गावाचं नाव बाभळवाडी केलं. पण दोन राज्यांच्या दोन शाळा आणि त्यांच्या मधे एकच हातपंप, हे तसंच ठेवलं. तेवढं सोडवलं नाही तिच्यानं. साऱ्या जिल्ह्यात असा हातपंप एकच आहे.

पान एकशे बारा, वरून चौथी ओळ:

"रेणुकाबाई म्हणाली, 'गहू नाल्यापलीकडून आनतो, तांदूळ अलीकडून. पोळी तिकडची, भात इकडचा. मत बी तसंच, या बोटाची शाई गेली नाई तं दुसरं बोट हाये. दोन दोन सरकारं हायेत बाई, पन नाल्यावर पूल एकानंबी नाई बांधला.'"

हे बोलणारी बाई बयनाबाई. प्रीतीनं तिची रेणुकाबाई केली.

*

पुस्तकाला पुरस्कार मिळाला. मग त्यातलं हे प्रकरण एका तेलुगू रविवार पुरवणीत आलं. पुरवणी मंडळ कार्यालयात, म्हणजे तिथल्या तहसिलीत, पोचली. तिथल्या कुणी तरी कात्रण कापून फाईलला लावलं आणि समासात लाल शाईनं लिहिलं: एका व्यक्तीची दोन कार्डं, चौकशी व्हावी. हातपंपावरून गाव ओळखलं गेलं, आणि मतदारयादीत करंजसावळीची रेणुकाबाई एकच निघाली. विधवा, वय एकाहत्तर, घर नाल्याकाठी. तिचं कार्ड स्थगित झालं.

ती रामाजीची बायको. साऱ्या गावात एकच कार्ड असलेलं ते एकच घर. रामाजीनं पलीकडच्या कार्डाचा फॉर्म सरपंचासमोर फाडला होता, दोन बापांवरचं ते वाक्य बोलून. तो गेल्यावरही रेणुकाबाईनं दुसरं कार्ड केलं नाही.

*

नोव्हेंबरातल्या एका सकाळी ती प्रीतीच्या दारात उभी राहिली. हातात रिकामी तांदळाची थैली, घडी घालून. बरोबर कुणी नाही.

"दौलतमास्तरची पोरगी तूच का?"

"हो. या ना मावशी."

"मी रेणुकाबाई. करंजसावळीची. तुया पुस्तकात मी बोलली म्हनतेत."

प्रीतीनं तिला आत बसवलं. पाणी दिलं. रेणुकाबाई अर्धं प्याली आणि उरलेलं तिनं दाराबाहेर जास्वंदीला टाकलं.

"तीन महिने झाले, अंगठा लावतो तं मशीनमधली बाई नाई म्हनते. डीलर म्हनते, मंडलात जा. मंडलात गेली तं तिथला पोट्टा म्हनते, आजी, तुमी पेपरात सोताच कबूल केलं. म्या म्हनलं, बापा, माह्या जन्मात पेपर आला तो भजे गुंडाळून."

दौलतमास्तर आतल्या खोलीतून येऊन दारात उभे होते. ते हसले नाहीत.

"आता मी काय बोलली ते वाचून तं दाखव," रेणुकाबाई म्हणाली.

प्रीतीनं पुस्तक काढलं. पान काढलं. वाचलं. वाचताना तिनं नाव गाळलं, नुसतं बोलणं वाचलं. 'पोळी तिकडची' इथवर आली तेव्हाच रेणुकाबाईनं हात वर केला.

"थांब. हे तं बयना हाये."

प्रीतीनं पुस्तक मिटलं.

"दर लग्नात बोलते ते. पंगतीत भात आला का बोलते. माह्या लेकीच्या लग्नात बी बोलली." मग ती पुस्तकाकडे पाहत राहिली, वाचता येत असल्यासारखी. "बोलली बयना, अन् कार्ड गेलं माह्यं. व्वा रे पुस्तक."

"चूक माझी आहे, मावशी."

"ते तं दिसूनच राह्यलं."

"तांदळाचं काय करता सध्या?"

रेणुकाबाई थैलीची घडी उलगडून पुन्हा घालत होती. "बयना देते. तिच्या इकडच्या कार्डातला. पह्यल्या महिन्यात घेऊन आली तं मी दार लावलं. मंग सांजच्याला भूक लागली. घेतला." थैली मांडीवर ठेवली. "तेरा वर्सं मानसानं दोन कार्डांच्या घरच्या ज्या भाताले नाई म्हनलं, तोच खाऊन राह्यली मी. तांदूळ नको मले, बाई. तांदूळ कुठूनबी येते. मी खोटी नाई, एवढं त्या मशीनच्या बाईनं म्हनलं पाह्यजे."

*

मंडळ कार्यालयातला अधिकारी चाळिशीचा, शांत. प्रीती त्याच्याशी तेलुगूत बोलली.

"तुम्ही छान लिहिता मॅडम," तो म्हणाला. "कात्रण ठेवण्यासारखं होतं."

"रेणुकाबाईंकडे दुसरं कार्ड नाही. तपासा."

"पलीकडच्या राज्याला पत्र गेलंय. उत्तर आलं की तपासलं जाईल."

"कधी येईल?"

"मागच्या एका पत्राला चौदा महिने लागले."

"मी नाव बदललेलं आहे. पुस्तकातली रेणुकाबाई म्हणजे ही नव्हे."

त्यानं फाईल उघडली. कात्रणाच्या मागं पुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्सही होती. तिथल्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं. माणसं खरी, नावं बदललेली.

"म्हणजे बाई आहे. दुसरी आहे. तिचं नाव लिहून द्या, रेणुकाबाई आजच मोकळ्या."

"आणि त्या बाईचं?"

"चौकशी. आणि लेखी नाव आलं की एकीवर थांबता येत नाही. पुस्तकात सगळं गाव आहे."

"मी नाव देऊ शकत नाही."

"मग माझ्याकडे एकच रेणुकाबाई आहे."

पंखा फिरत होता. त्यानं फाईल मिटली, तिच्यासाठी ग्लासात पाणी ओतलं आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "अशी बाई मुळात नसेलच, तर गोष्ट वेगळी. तसं प्रतिज्ञापत्र आलं तर कात्रण फाईलमधून काढावं लागेल. नसलेल्या बाईची चौकशी मला करता येत नाही."

प्रीती पाणी प्याली आणि तिनं त्याला बसची वेळ विचारली.

*

बयनाबाईच्या पुढच्या खोलीत कापूस होता. छताला हातभर कमी. भाव चढेल म्हणून साठवलेला.

"ये, बस कापसावर. खुर्ची त्याच्याखालीच कुठीसा हाये."

प्रीती बसली आणि कमरेपर्यंत आत गेली. बयनाबाई हसली. तिनं स्टीलच्या पेल्यात चहा आणला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"रेणुका आल्ती न तुयाकडं?"

"आल्या होत्या."

"मले शिव्या घातल्या का?"

"नाही."

"खोटं बोलतेस. माह्या हातून तांदूळ घेताना बी घालते. म्हनते, तुया जिभेनं माही चूल विझवली." तिनं चहा फुंकला. "खरंच हाये म्हना ते."

प्रीतीनं तिला सगळं सांगितलं. फाईल, झेरॉक्स, दोन रस्ते. ऐकताना बयनाबाई पदराला चिकटलेला कापूस वेचत होती आणि वेचलेला परत ढिगावर टाकत होती.

"आता माह्यं नाव देलं तं सारं गाव मोजतीन ते," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"अन् नाई देलं तं रेणुका तशीच."

"मी एक लिहून देऊ शकते. की अशी कोणी बाईच नाही. मी मनानं बनवली."

"म्हंजे मी नाई?"

"पुस्तकातली. पुस्तकातली नाही."

बयनाबाईनं पेला खाली ठेवला. "अन् मंग तुयं कसं? तू तं खरं लिहिनारी ना?"

प्रीतीनं पेल्याला चिकटलेला कापूस काढला.

"पह्यल्याच दिवशी म्या तुले सांगतलं होतं," बयनाबाई म्हणाली.

"माहीत आहे मावशी."

"जाऊ दे. गावाचं पाहून लिही."

कापसातून उठायला प्रीतीला तिचा हात धरावा लागला.

*

प्रतिज्ञापत्र तेलुगूत होतं. प्रीतीनं ते रात्री लिहिलं नाही. सकाळी भाजी निवडून झाल्यावर लिहिलं. मराठीत त्याचा अर्थ असा:

मी, प्रीती, दौलत यांची मुलगी, लेखिका, राहणार आदिलाबाद, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझ्या पुस्तकात पान एकशे बारावर 'रेणुकाबाई' या नावानं येणारी स्त्री अस्तित्वात नाही. तिचं बोलणं मी रचलेलं आहे. तिची दोन कार्डं मी रचलेली आहेत. गाव बाभळवाडी हेही रचलेलं आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं विधान या प्रकरणापुरतं खोटं आहे. मौजे करंजसावळीच्या कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी या मजकुराचा संबंध नाही.

दौलतमास्तरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"जिवंत बाईला नाही म्हणतेस."

"हो बाबा."

"बेचाळीस वर्षं हजेरी घेतली मी. आला नाही त्याला हजर लिहिलं, चार-दोन वेळा. तपासणी असली की. पण समोर बसलेल्या पोराला गैरहजर कधी नाही लिहिलं."

"दुसरा रस्ता सांगा."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग खिशातून पेन काढलं.

"साक्षीदार लागतो ना याला?"

त्यांनी सही केली. हेडमास्तरची सही, खाली दोन रेघा ओढून, तारखेसकट. मग दोघं नोटरीकडे गेले. तो पेरू खात होता.

*

जे झालं ते असं.

प्रतिज्ञापत्राचा फोटो चार दिवसांत फिरला. कुणी काढला, कळलं नाही. पुरस्कार समितीचं पत्र आलं, भाषा नम्र होती. सन्मानचिन्ह परत पाठवायचा पत्ता खाली होता. प्रीतीनं ते जुन्या साडीत गुंडाळून पाठवलं.

नागपूरच्या प्रकाशकाचा फोन आला.

"ताई, असं का केलंत?"

"रचलं होतं म्हणून सांगितलं."

"मला सांगू नका. बाभळवाडीला मी आलोय तुमच्याबरोबर. त्या हातपंपाचं पाणी प्यालोय."

मग तो धंद्याचं बोलला. "उरलेल्या प्रती मागवून घेतो. पहिलं पान बदलतो. कादंबरी म्हणून काढू."

"काढा."

"कादंबरी म्हणून चांगली आहे हो ती," तो म्हणाला. समजूत काढायला म्हणाला असेल.

कूचबिहारचा एक जुना मित्र, तिथल्या कॉलेजात शिकवणारा. पहिल्या पुस्तकाच्या वेळी त्यानं चार महिने तिला घरात ठेवलं होतं. त्यानं मेसेज पाठवला. एकच ओळ: आमची माणसंही रचलेली होती का? त्याला काय लिहावं, हे प्रीतीला अजून ठरवता आलेलं नाही. खरं लिहिलं तर ते लेखी होतं, आणि लेखी फिरतं. फोन करता आला असता. तिनं दोनदा नंबर काढला.

चौथं पुस्तक थांबलं आहे. सध्या ती एका बियाण्याच्या कंपनीसाठी पिशवीवरच्या सूचना तेलुगूतून मराठीत करते. लागवडीचं अंतर, पहिली फवारणी, दुसरी फवारणी. काम नीट करते. एकदा तिनं मूळ मजकुरातली चूक कळवली होती. कंपनीनं दुरुस्त केली.

*

प्रतिज्ञापत्रानंतर अकराव्या आठवड्यात रेणुकाबाईचं कार्ड सुरू झालं. तिनं डीलरला अंगठा तीनदा लावायला लावला. पहिल्याच वेळी जुळला होता. मशीनमधल्या बाईचं बोलणं तिला पुन्हा ऐकायचं होतं.

मग ती बसनं आदिलाबादला आली. या वेळी थैली भरलेली होती. तिनं एक पायली तांदूळ प्रीतीच्या डब्यात ओतला आणि नको म्हणू दिलं नाही.

"बयनाचा बी परत करायले गेल्ती. घेत नाई रांड. म्हनते, तुया कार्डाचा तांदूळ खाल्ला तं माह्यं पोट दुखीन, सवय नाई एका सरकारची."

दौलतमास्तर या वेळी हसले.

"मी आता तुया पुस्तकात नाई म्हने," रेणुकाबाई प्रीतीला म्हणाली.

"नाही. कोणीच नाही आता त्या पानावर."

"बरं झालं. लई बोलली होती मी." चहा पिऊन ती उठली. दाराशी थांबून तिनं जास्वंदीचं एक फूल तोडलं, नाल्याकाठच्या देवीसाठी. "फुलं चांगले येतेत तुमच्याकडं. काय टाकता याले?"

"कागद," प्रीती म्हणाली.

*

बयनाबाईनं पहिल्या दिवशी, वही निघायच्या आधीच, सांगितलं होतं की नाव माझंच टाक, माझं एक कार्ड गेलं तर दुसरं आहे.